घरमालकांचं शिंगरू

माणसाच्या पिल्लाविषयी इतकं वाईट मत आणि त्याच्यावर इतकी माया, ह्या दोन्ही गोष्टी एकाच देहात नांदताना मी फक्त आमच्या म्हैसूरच्या घरमालकांच्या ठायी पाहिल्या. त्यांचं सगळं आयुष्य घोड्यांत गेलं होतं. त्यांचे पूर्वज कधीकाळी राजाच्या घोडदळात चाकरीला म्हणून मराठी मुलखातून दक्षिणेत आले आणि इथलेच झाले; घरात कन्नड मिसळलेली मराठी तेवढी राहिली. पुढे घोडदळ गेलं, राज्यही गेलं, पण घरातला एक तरी माणूस घोड्यापाशी राहिला. घरमालक स्वतः घोड्यांच्या पैदाशीच्या एका फार्मवर जन्मभर होते आणि शेवटी तिथले मुख्य मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्या सगळ्या माणसांचे नायक, म्हणून निवृत्त झाले. किती शिंगरं त्यांच्या हातांवर जन्माला आली त्याची मोजदाद त्यांना नव्हती, पण प्रत्येकाची आठवण होती. जगात यायची बरोबर रीत कोणती, तर शिंगराची, असं त्यांचं ठाम मत होतं. शिंगरू जन्मतं, तासाभरात चार पायांवर उभं राहतं, धडपडत आईचं दूध शोधतं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या बरोबरीनं पळतं. ह्या मापानं पाहिलं तर माझी तीन महिन्यांची मुलगी रेवा हे एक अतिशय निराशाजनक प्रकरण होतं.

रेवाचा जन्म नाशिकला, माझ्या माहेरी झाला. नवऱ्याला म्हैसूरला नोकरी लागली होती, म्हणून तिसरा महिना संपता संपता आम्ही तिला घेऊन इथे आलो आणि घरमालकांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. जुनं घर, लाल कौलांचं. वरची जमीन लाकडी फळ्यांची, त्यामुळे कुणी जिन्यावरून वर आलं की सबंध खोलीला कळायचं. पहिल्याच दिवशी, खोकी अजून उघडलीही नव्हती, तेव्हा घरमालक वर आले. उंच, वाळलेले, पाय किंचित फाकलेले, सत्तरी उलटलेली. त्यांनी हात मागे बांधून रेवाभोवती एक पूर्ण चक्कर मारली, वाकून तिचे पाय पाहिले, तळवे पाहिले, ती जांभई देताना तोंडाच्या आतही पाहून घेतलं.

"मान धरते?"

"थोडी थोडी," मी म्हणाले.

"बसते कधी?"

"सहा-सात महिन्यांची झाली की."

"आणि चालणार?"

"वर्षाची झाल्यावर."

ते पुस्तकांच्या खोक्यावर बसलेच. "वर्ष," ते स्वतःशी म्हणाले. "अय्यो, पाप. मग नऊ महिने आत करत काय होतं हे?"

कन्नडमध्ये 'पाप' म्हणजे 'बिचारं', हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. माझ्या मुलीला पाप म्हणणाऱ्या माणसाच्या घरात अकरा महिन्यांचा करार करून बसलो आपण, ह्या काळजीत ती दुपार गेली. संध्याकाळी त्यांच्या पत्नी, ज्यांना मी काकू म्हणू लागले, गरम दुधाचं भांडं घेऊन आल्या आणि 'पापू कुठंय' म्हणून रेवाला शोधू लागल्या. पापू म्हणजे बाळ, पाप म्हणजे बिचारं, हा माझा कन्नडचा पहिला धडा.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दहाला घरमालक हजर. त्यांच्या येण्याला काही नियम होते. बाळाशी उभ्यानं बोलायचं नाही, कारण वरून येणारं तोंड पाहिलं की शिंगरू बुजतं. म्हणून ते आल्याबरोबर चटईवर रेवाच्या शेजारी सरळ आडवे व्हायचे. तिला उचलायचं नाही. तिनं हात लावला तर लावून घ्यायचा. बोबडं बोलायचं नाही. सगळी माणसं तिच्याशी तोंडाचे चंबू करून बोलत असताना हे तिला शांतपणे सांगायचे की पिरियापट्टणच्या मेव्हण्याचा तंबाखू यंदा चांगला आलाय, बन्नूरची सकाळची बस आज उशिरा सुटली आणि काकूंनी कालचं सारू खारट केलं होतं. रेवा त्यांच्या ओठांकडे डोळे लावून ऐकायची. म्हणजे ती ऐकते आहे असं मला वाटायचं.

माझ्या फोनवर एक अ‍ॅप होतं. ते दर सोमवारी सांगायचं की ह्या आठवड्यात बाळानं काय करायला हवं. मी ते घरमालकांना वाचून दाखवायची. ते छताकडे बघत ऐकायचे आणि म्हणायचे, "तुमच्या फोननं किती पापू वाढवले?" मी फोन खाली ठेवायची. चौथ्या महिन्यात एका सकाळी रेवाला स्वतःचा उजवा हात सापडला. खिडकीतून येणाऱ्या उन्हात तो तिच्या डोळ्यांसमोर आला, थांबला, आणि ती बघतच राहिली. मूठ उघडली, मिटली. तिला कळेना की हे हलतंय ते कोण हलवतंय. मी स्वयंपाकघरात गेले, वरणाला फोडणी दिली, कपडे वाळत घातले, परत आले, तरी दोघं तशीच. ती हाताकडे बघत होती आणि चटईवर आडवे झालेले घरमालक तिच्याकडे. बाहेर नारळाची झावळी हलत होती आणि तिची सावली दोघांवरून सावकाश जात-येत होती. त्या सकाळी जगात काही घाई नव्हती. मी दारातच बसून राहिले. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "अम्मा, घोड्याला हे नाही मिळत. तो उठतो, पळतो, अष्टे, एवढंच. आपला पाय आहे हे बघायला त्याला वेळच नाही." माणसाच्या पिल्लाविषयी त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला बरा शब्द.

त्यानंतरचा एक किस्सा मला पुष्कळ उशिरा समजला. रेवा पालथी पडायला शिकत होती. एका सकाळी मी दूध आणायला कोपऱ्यापर्यंत गेले आणि तेवढ्यात ती घरमालकांसमोर पहिल्यांदा पालथी पडली. मी आले तर हे आढ्याकडे बघत पडलेले. "काही केलं का तिनं?" मी विचारलं. "काय करणार? पाप, पडून आहे." मधे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर पालथी पडली आणि मी आनंदानं नाशिकला फोन लावला. हे शेजारी उभं राहून, "होय का? आता बघितलं म्हणायचं," म्हणाले. पुढे काकूंनी सांगितलं की ते दोन दिवस ह्यांना जेवण गेलं नव्हतं. रोज खाली येऊन म्हणायचे, "तिच्या आईसमोर आज पण नाही पडली." पहिल्यांदा आईनंच बघायला हवं होतं, एवढीच त्यांची इच्छा.

सहाव्या महिन्यात वरचं अन्न सुरू झालं. मी आणलेल्या महागड्या डब्यातली पूड त्यांनी चिमटीत घेऊन हुंगली आणि म्हणाले, "हे घातलं तर घोडा फार्म सोडून जाईल." काकू नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून तिची मऊ पेज करून आणू लागल्या. रेवाच्या भुवयांपर्यंत पेज लागलेली आणि हे समोर बसून प्रत्येक घासाला स्वतः तोंड उघडतायत, असं ते रोजचं जेवण चालायचं. मला वाटलं, आता हे असंच चालणार.

पण त्याच सुमारास घरमालक चमत्कारिक वागू लागले. बोलणं कमी झालं. एके दिवशी ते किल्ल्यांचा जुडगा घेऊन आले आणि रेवाच्या मागे बसून तो वाजवत राहिले. दुसऱ्या दिवशी स्टीलची वाटी आणि चमचा. मग देवघरातली घंटा. एकदा मी पाहिलं तर हे जिन्यापाशी चपला काढून, मांजरासारखे पाय टाकत तिच्या पाठीमागून येतायत. मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, "काकांचं वय झालं आता. काहीतरी बिनसलंय." असा आठवडा गेला. आणि एका सकाळी ते दहाच्या ऐवजी आठ वाजता आले, इस्त्रीचा सदरा घालून, आणि दारातच उभे राहिले.

"अम्मा, स्वल्प बसता?"

मी बसले. ते मात्र बसले नाहीत.

"पापूचे कान हलत नाहीत," ते म्हणाले.

मला हसू आलं. "काका, माणसांचे कान हलत नाहीत."

"बाहेरनं नाही हलत. आतनं हलतात. डोळ्यात कळतंय ते." त्यांनी दोन्ही हात चोळले. "मी चपला घालून आलो तर फळी हलते, ती वळते. अनवाणी आलो तर वळत नाही. घंटा मागं वाजवली, नाही वळली. आठ दिवस बघतोय. शिंगरू पहिल्या दिवशी कान फिरवतंय, अम्मा. तपासून घ्या की."

त्या वेळी मला काय झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. मी उठले, रेवाला कडेवर घेतलं आणि म्हणाले, "काका, ती घोडी नाहीये." आवाज माझा चढला होता. त्यांनी मान हलवली, "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाले आणि खाली गेले. जिना उतरतानाचं त्यांचं प्रत्येक पाऊल फळ्यांतून येत होतं आणि माझ्या कडेवरची रेवा त्या दिशेला मान वळवून बघत होती.

दोन दिवस ते आले नाहीत. मीही खाली गेले नाही. नवऱ्याला मी रागारागानं सगळं सांगितलं, तो म्हणाला, "कुकरची शिट्टी झाली की ती दचकते ना?" दचकायची. दार आपटलं की दचकायची. तेवढ्यावर आम्ही आपली समजूत घातली. तिसऱ्या दिवशी दुपारी रेवा खिडकीखाली बसली होती, उशांच्या आधारानं, पाठ माझ्याकडे. नवरा कामावर होता. मी चपला नव्हत्या घातल्या. साडीचा काठ वर धरून मी तिच्या मागे हातभर अंतरावर जाऊन उभी राहिले आणि हाक मारली. रेवा. ती झावळीकडे बघत होती. मी पुन्हा म्हटलं, रेवा. बाळा. माझ्या सोनुल्या. सहा महिने मी तिच्याशी जे जे बोलले होते ते सगळं मी एकेक करून तिच्या पाठीला म्हणून पाहिलं. तिनं हात पुढे करून उन्हातला एक कण धरायचा प्रयत्न केला, तो मिळाला नाही, म्हणून पुन्हा केला.

मग आठवलं. नाशिकच्या दवाखान्यात कानाची तपासणी व्हायची होती त्या दिवशी यंत्र बंद होतं. "पुढच्या महिन्यात या," म्हणाले होते. पुढच्या महिन्यात आम्ही सामान बांधत होतो.

मी तशीच खाली गेले. घरमालक ओट्यावर बसून पेपर वाचत होते. मी त्यांच्यासमोर रेवाला धरून नुसती उभी राहिले. त्यांनी पेपरची घडी केली, आत डोकावून काकूंना म्हणाले, "डबा भर. आम्ही दवाखान्यात निघालो," आणि रिक्षा बोलवायला अनवाणीच फाटकाबाहेर गेले.

तपासणीला तीन खेपा झाल्या. तिन्ही वेळा ते आले, आणि तिन्ही वेळा बाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. आत आम्हाला सांगितलं की दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतंय; मोठे आवाज तेवढे पोचतात. यंत्रं लावायची, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं. तपासणाऱ्या बाईंनी कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "सहाव्या महिन्यात कुणाच्या लक्षात आलं? आईवडील येतात तोवर बहुतेक वर्ष-दीड वर्ष उलटून जातं."

"आमच्या घरमालकांच्या," मी म्हणाले.

"डॉक्टर आहेत?"

"घोड्यांकडे होते."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुढे लिहू लागल्या.

घरी परतताना रिक्षात मी त्यांना म्हटलं, "काका, त्या दिवशी मी बोलले ते..." त्यांनी हात हलवून मला थांबवलं. "घोडी असती तर लाथ घातली असती. तुम्ही सुम्मने, उगाच आपलं बोललात, अष्टे." रेवा माझ्या मांडीवर झोपली होती.

यंत्रं आली तेव्हा ती आठ महिन्यांची होती. दवाखान्यात ती लावताना रेवा रडून लाल झाली. शेवटी त्या बाईंनी ती नीट जुळवून दिली आणि म्हणाल्या, "घरी न्या. पोट भरलेलं असेल, मन शांत असेल, तेव्हा घाला. भोवती गोंगाट नको. आधी तुमचा आवाज ऐकू दे." हे शेवटचं वाक्य घरमालकांनी बाकावरून ऐकलं, आणि ते त्यांनी आज्ञेसारखं घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेवाला पेज भरवून खिडकीपाशी बसले आणि खाली पाहिलं तर आमच्या गल्लीत काहीतरी घडत होतं. घरमालक फाटकात उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून. पालेभाज्यांची गाडी घेऊन एक बाई ओरडत वळली, त्यांनी तळहात वर केला, आणि ती बाई गाडी थांबवून खाली बसली. गॅसच्या सिलिंडरचा टेम्पो आला. त्यांनी ड्रायव्हरच्या खिडकीत डोकं घालून काही सांगितलं आणि त्यानं इंजिन बंद केलं. समोरच्या घरातला मिक्सर थांबला. कुणाचा रेडिओ थांबला. काकूंनी स्वतःच्या हातातल्या बांगड्यांवर पदर गुंडाळला होता. शेजारचा कुत्रा तेवढा भुंकत होता, तर घरमालक त्याच्यापाशी जाऊन उकिडवे बसले आणि त्याच्या मानेवर हात ठेवून राहिले. सगळी गल्ली उन्हात उभी होती आणि कुणी हालत नव्हतं. भिंतींवर बोगनवेलीच्या सावल्या होत्या. मला वाटलं, आपण स्वप्नात एखाद्या गावाचं चित्र बघतोय.

मी यंत्रं तिच्या कानात घातली. बारीक बटण दाबलं. आणि आयत्या वेळी मला काही सुचेना. आठ महिने बोलले ते सगळं कुठे गेलं कोण जाणे. शेवटी मी तिच्या कानाशी नुसतं "रेवा" म्हटलं.

तिचे हात जागच्या जागी थांबले. डोळे मोठे झाले. ती माझ्या ओठांकडे बघत नव्हती. ती कुठेच बघत नव्हती. मी पुन्हा म्हटलं. तिनं मान वळवली, अगदी सावकाश, आणि माझ्याकडे अशी बघू लागली की ही बाई आतापर्यंत कुठे होती. मग तिचा खालचा ओठ थरथरला आणि ती रडायला लागली, आणि स्वतःच्या रडण्याचा आवाज ऐकून दचकून थांबली. मीच रडायची थांबेना. ते ऐकून खाली कुत्रा भुंकला, टेम्पो सुरू झाला, भाजीवालीनं मेथी-पालकची आरोळी दिली आणि गल्ली पुन्हा आपल्या कामाला लागली. घरमालक काही वर आले नाहीत. काकू म्हणाल्या, ते मागच्या अंगणात जाऊन तोंड धूत होते, बराच वेळ.

पुढचे दिवस सोपे नव्हते. रेवा दर दहा मिनिटांनी यंत्रं ओढून काढायची. एकदा एक पेजेत पडलं, एकदा एक काकूंच्या चपलेत सापडलं. घरमालकांनी मऊ कमावलेल्या कातड्याची करंगळीएवढी रुंद पट्टी कापली, आतून मलमल लावली, दोन बाजूंना यंत्रांसाठी घरं शिवली आणि हनुवटीखाली अशी सैल गाठ दिली की बाळाला टोचू नये आणि सोडताही येऊ नये. काकू म्हणाल्या, "पोरीला लगाम घालता?" ते म्हणाले, "लगाम तोंडात असतो. ही पट्टी आहे." ती पट्टी रेवानं कधी काढली नाही. नवव्या महिन्यात ती रांगू लागली तेव्हा घरमालकही तिच्या बरोबरीनं त्या फळ्यांवर रांगत होते, आणि दहाव्या महिन्यात, आधी जी नुसती गप्प बसायची ती, 'बाबाबा' म्हणत घरभर फिरू लागली. तो शब्द कुणासाठी आहे ह्यावर माझा नवरा आणि घरमालक ह्यांच्यात शेवटपर्यंत मतभेद राहिले. वर्षाची झाली तेव्हा ती भिंत धरून उभी राहायची, चालायची नाही. घरमालकांना त्याचं काहीच वाटलं नाही. "घाई कशाला," ते म्हणाले. "एवढं बघायचं असतं."

चौदाव्या महिन्यात नवऱ्याची पुण्याला बदली झाली. निघण्याच्या दिवशी घरमालक बन्नूरला कुणाकडे तरी काम आहे म्हणून सकाळच्या बसनं निघून गेले. काकू म्हणाल्या, काम काही नव्हतं.

यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही म्हैसूरला गेलो. रेवा आता पाच वर्षांची आहे. यंत्रं तिची तीच लावते, आणि इतकं बोलते की समोरच्याला उसंत मिळत नाही. वाटेत मी तिला सांगत होते, तुझे एक आजोबा आहेत, तू त्यांच्याशी खेळायचीस. तिला काही आठवत नव्हतं. आठवण्याचं वयच नव्हतं ते. ओट्यावर घरमालक बसले होते, थोडे आणखी वाळलेले. रेवा माझ्यामागे लपली. ते उठले नाहीत, हातही पुढे केला नाही.

"तुम्ही कोण?" तिनं शेवटी विचारलं.

"मी ह्या घराचा मालक," ते म्हणाले. "तुम्ही वर भाड्यानं होतात."

तिला हे उत्तर पटलं असावं. ती पुढे आली, त्यांच्या शेजारी ओट्यावर बसली आणि पाय हलवत म्हणाली, "मला काहीच आठवत नाही. मी बाळ होते तेव्हा काय काय करायचे?"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, त्यांना बोलवत नाहीये. पण ते फक्त सुरुवात कुठून करायची ते ठरवत होते. मग त्यांनी आम्ही सामान घेऊन आलो त्या दुपारपासून सांगायला घेतलं: त्या दिवशी ऊन कुठपर्यंत आलं होतं, तिच्या अंगात कोणतं झबलं होतं, तिनं जांभई कशी दिली. पुण्याची आमची गाडी साडेचारची होती. पाच वाजले तेव्हा ते तिच्या चौथ्या महिन्यात होते. नवऱ्यानं एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी खाली मान घालून बसून राहिले.